यंत्रांची चतुःसीमा

माझे वडील तहसील कचेरीच्या आवारात दस्त लिहीत. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र. लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाशेजारी बसत असे आणि मला सगळ्यांत आवडे तो मजकुराचा चतुःसीमेचा भाग. पूर्वेस गट नंबर अमुक, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचे शेत. जमिनीची ओळख तिच्या शेजाऱ्यांवरून सांगायची, ही रीत मला फार शहाणपणाची वाटे. वडील एक गोष्ट मात्र कटाक्षाने करत. खालच्या शेताचा दस्त करताना ते वरच्या शेताचा जुना दस्त मागवून घेत. याच्या उत्तरेला तो असेल, तर त्याच्या दक्षिणेला हा असायलाच हवा. नसेल, तर शाई थांबायची.

मी दस्तलेखक झालो नाही. बारावीनंतर टेलिफोनच्या तारा जोडण्याच्या कामाला लागलो, तिथून संगणकांच्या केबलकडे आलो. पुढचे शिक्षण मिळेल तिथून, बरेचसे इंग्रजी मानकांचे कागद शब्दकोश शेजारी ठेवून वाचत झाले. आज पन्नाशी उलटल्यावर माझ्या लक्षात येते, की मीही आयुष्यभर चतुःसीमाच तपासत आलो. फक्त शेतांच्या जागी यंत्रे आली. त्या यंत्रांच्या साक्षी एकमेकींशी का जुळत नाहीत आणि न जुळणाऱ्या साक्षींतून खरा नकाशा कसा काढायचा, याविषयी गेली काही वर्षे जे अभ्यासले ते इथे मांडतो. विषय तांत्रिक आहे, पण त्याची किंमत तांत्रिक नाही. ती मी एका रुग्णालयात पाहिली.

शेजाऱ्याला हाक

कार्यालय असो वा रुग्णालय, प्रत्येक संगणकाची केबल शेवटी एका पेटीत जाते. तिला स्विच म्हणतात. स्विचला अनेक तोंडे असतात, ते पोर्ट. स्विच दुसऱ्या स्विचला जोडलेला असतो, तो तिसऱ्याला. मोठ्या इमारतीत असे पन्नास-साठ स्विच सहज असतात आणि ते बसवणारी माणसे केव्हाच नोकरी सोडून गेलेली असतात. कोण कोणाला जोडलेला आहे याचा कागद बहुधा नसतो. असला तर जुना असतो.

म्हणून यंत्रांनाच विचारायची सोय झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एसएनएमपी नावाची पद्धत आली. तिच्यामुळे एका जागी बसून प्रत्येक स्विचला ठरावीक प्रश्न विचारता येतात. पुढे २००५ साली आयईईई या संस्थेने एलएलडीपी हे मानक प्रसिद्ध केले. यात प्रत्येक स्विच आपल्या प्रत्येक पोर्टमधून साधारण दर तीस सेकंदांनी एक छोटा निरोप सोडतो : मी अमुक स्विच, हा माझा अमुक पोर्ट. पलीकडचा स्विच तो ऐकून टिपून ठेवतो. सिस्को कंपनीची अशीच स्वतःची पद्धत १९९४पासून होती, पण ती मुख्यतः तिच्याच यंत्रांपुरती. एलएलडीपी सर्वांसाठी आहे.

नकाशा काढणारे सॉफ्टवेअर सगळ्या स्विचकडून या टिपणवह्या गोळा करते आणि रेघा मारते. म्हणजे चतुःसीमाच. माझ्या पूर्वेस तू, तुझ्या पश्चिमेस मी. कागदावर यात चुकण्यासारखे काही नाही.

एकाच माणसाची सात नावे

चूक सुरू होते ती नावापासून. एलएलडीपीच्या मानकाने पोर्टची ओळख सांगायला एक नव्हे, सात प्रकार मान्य केले आहेत. पोर्टचे नाव सांगा, त्याला दिलेले टोपणनाव सांगा, त्याचा मॅक पत्ता सांगा, नाहीतर त्या यंत्रापुरता ठरवलेला कोणताही क्रमांक सांगा. स्विचच्या ओळखीसाठीही असेच सात प्रकार. मानक तयार करताना अनेक कंपन्यांना सामावून घ्यायचे असते. त्यामुळे एक कंपनी पोर्टचे नाव सांगते, दुसरी मॅक पत्ता, तिसरी नुसता आकडा. तिघीही नियमातच असतात.

मॅक पत्ता म्हणजे यंत्राला कारखान्यात मिळालेला अठ्ठेचाळीस बिटांचा क्रमांक. संगणकाच्या दृष्टीने तो सहा बाइटांचा. माणसाने वाचायचा तर बारा अंक-अक्षरांचा. आता एखादा स्विच तो विचारणाऱ्याला सहा बाइट म्हणून देतो आणि दुसरा वाचायला सोपा जावा म्हणून मध्ये आडव्या रेघा घालून मजकूर म्हणून देतो. अशी यंत्रे मी हाताळली आहेत. माणसाला दोन्ही एकच. सॉफ्टवेअरला मात्र ते दोन वेगळे इसम वाटतात. सातबाऱ्यावर एकाच माणसाचे नाव एकदा ‘ज्ञानू’ आणि एकदा ‘ज्ञानेश्वर’ पडले, तर वारस नोंदीच्या वेळी काय होते हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको.

दुसरी अडचण क्रमांकांची. आपल्याकडे १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत जुने सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना तेवीस आणि नवा तेवीस ही वेगवेगळी शेते. स्विचमध्येही एका पोर्टला दोन क्रमांक असतात. एक इंटरफेसच्या यादीतला, दुसरा स्विच कोणता पत्ता कोणत्या दिशेला आहे हे लिहून ठेवतो त्या वहीतला. काही कंपन्यांच्या यंत्रांत दोन्ही सारखे असतात, काहींत नसतात. कोणता जुना क्रमांक म्हणजे कोणता नवा, याचा तक्ता स्विचमध्येच असतो आणि तो मागता येतो. पण ज्याने सॉफ्टवेअर लिहिले त्याच्या टेबलावरच्या यंत्रात दोन्ही क्रमांक सारखे असतील, तर तो तक्ता मागायचे त्याला सुचतच नाही.

तिसरी अडचण मुक्या यंत्रांची. बाजारात आठ पोर्टांचे स्वस्त स्विच मिळतात. त्यांना काही विचारता येत नाही. ते आपले नाव सांगत नाहीत. एलएलडीपीचा निरोप ज्या राखीव पत्त्यावर जातो, तो निरोप कोणत्याही स्विचने पुढे ढकलू नये असा नियम आहे. पण काही मुके स्विच तो निमूटपणे पुढे ढकलतात. मग त्यांच्या दोन्ही बाजूंचे स्विच एकमेकांचा निरोप ऐकतात आणि प्रामाणिकपणे सांगतात, की आम्ही सख्खे शेजारी आहोत. मधला माणूस अदृश्य होतो.

दोन वाटा

आता रुग्णालयाकडे येतो. जिल्ह्याच्या गावातले ते एका विश्वस्त संस्थेचे रुग्णालय. पंधरा वर्षांत स्विच चार कंपन्यांचे झाले, कारण दर वेळी ज्याची निविदा कमी त्याचा माल. मला नकाशाच्या कामासाठी नंतर बोलावले. आधीचा नकाशा एका सॉफ्टवेअरने आपोआप काढलेला होता, आणि सुबक होता.

त्या नकाशात मुख्य स्विच जुन्या इमारतीत होता. नव्या इमारतीत दोन स्विच होते, एक प्रयोगशाळेचा, एक अतिदक्षता विभागाचा. दोघांनाही मुख्य स्विचकडून स्वतंत्र रेघ येत होती, शिवाय ते दोघे एकमेकांना जोडलेले होते. म्हणजे एक वाट तुटली तर दुसरीने जाता येईल. विश्वस्तांच्या बैठकीत हा नकाशा दाखवून, अतिदक्षता विभागाला दोन वाटा आहेत, असे सांगितले गेले होते.

एका रविवारी संध्याकाळी जुन्या इमारतीच्या जिन्यातले वायरिंग बदलायचे होते. नकाशात जिन्यात काहीच नव्हते, म्हणून इलेक्ट्रिशियनने तिथली वीज बंद केली. त्याच मिनिटाला प्रयोगशाळा आणि अतिदक्षता विभाग दोन्ही तुटले. रुग्णांच्या उशाशी असलेली यंत्रे चालू राहिली, पण प्रयोगशाळेचे अहवाल पडद्यावर यायचे थांबले. फोनही त्याच जाळ्यावर होते. पाऊण तास एक आया रक्ताच्या अहवालांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन दोन मजले चढउतार करत होती. कोणाला इजा झाली नाही. मी गेलो तेव्हा विभागाच्या सिस्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, “दादा, नकाशात तर दोन वाटा होत्या ना?”

साक्षी पुन्हा घेतल्या

मी पहिल्यांदा नकाशा बाजूला ठेवला आणि प्रत्येक स्विचची मूळ उत्तरे, जशीच्या तशी, वहीत उतरवली. या कामातली ही पहिली पायरी आणि तीच बहुतेक जण गाळतात. नकाशा हा निकाल असतो. चूक शोधायची तर निकाल वाचून भागत नाही, साक्षी वाचाव्या लागतात.

मुख्य स्विच म्हणत होता, की माझ्या तेविसाव्या पोर्टवर मला दोन शेजारी ऐकू येतात, प्रयोगशाळा आणि अतिदक्षता. एका केबलच्या टोकाला दोन शेजारी कसे असतील? ही विसंगतीच खरी बातमी होती. सॉफ्टवेअर मात्र एका पोर्टवर एकच शेजारी धरून चालत होते आणि जो शेवटी ऐकू आला तो ठेवत होते. त्यामुळे नकाशा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा दिसे. तिथल्या तंत्रज्ञाने कंटाळून, त्यातला जो सर्वांत पटण्यासारखा वाटला तो कायम करून टाकला होता. मी त्याला दोष देत नाही. बदलणारा नकाशा कोणालाच नको असतो.

मग दोन रेघा कुठून आल्या? प्रयोगशाळेच्या स्विचने मुख्य स्विचच्या पोर्टची ओळख सहा बाइटांत सांगितली होती. अतिदक्षता विभागाचा स्विच दुसऱ्या कंपनीचा. त्याने तीच ओळख रेघा घातलेल्या मजकुरात सांगितली. सॉफ्टवेअरला दुसरी ओळख पटली नाही, म्हणून त्याने मुख्य स्विचवर एक नवाच, बिननावाचा पोर्ट कल्पून तिथून दुसरी रेघ मारली. ती दुसरी वाट म्हणजे लिहिण्याच्या पद्धतीतला फरक होता. तिथे केबल नव्हती.

हे ताडून पाहायला आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे स्विचची पत्त्यांची वही. कोणता संगणक कोणत्या पोर्टच्या दिशेला आहे हे प्रत्येक स्विच येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवरून शिकतो. सॉफ्टवेअरने ही वहीही वाचली होती आणि निरुपयोगी म्हणून टाकून दिली होती. कारण वहीतला तेवीस म्हणजे इंटरफेसच्या यादीतला सत्तावीस होता. तो तक्ता न पाहिल्यामुळे सॉफ्टवेअरच्या हिशेबी अतिदक्षता विभागाचे सगळे संगणक हिशेब खात्याच्या पोर्टमागे जाऊन बसले होते. तक्ता लावल्यावर सगळे जागेवर आले. दोन्ही विभागांचे संगणक एकाच तेविसाव्या पोर्टमागे होते.

या वहीवरून नकाशा काढण्याचे शास्त्र नवे नाही. २००० साली बेल लॅब्जमधल्या ब्राइटबार्ट, गारोफलाकिस, रस्तोगी आणि सहकाऱ्यांनी एक नेमकी अट मांडली. दोन पोर्ट समोरासमोर असतील, तर एकाच्या दिशेला असलेले पत्ते आणि दुसऱ्याच्या दिशेला असलेले पत्ते मिळून सगळे जाळे व्हायला हवे आणि त्यांत एकही पत्ता सामाईक असता कामा नये. अडचण एवढीच, की या वह्या क्वचितच पूर्ण असतात. साधारण तीनशे सेकंद एखादे यंत्र गप्प राहिले, की स्विच त्याला विसरतो. रात्री झोपलेला प्रिंटर सकाळी वहीत नसतो. पुढच्याच वर्षी लोवेकॅम्प, ओ’हॅलरन आणि ग्रॉस यांनी दाखवले, की वह्या अपुऱ्या असल्या तरी चालते. कोणती जोडणी अशक्य आहे हे सिद्ध करत जायचे.

हा विचार समजायला सोपा आहे. तुम्ही आणि मी एका सरळ रस्त्याच्या दोन टोकांना, एकमेकांकडे तोंड करून उभे आहोत. एखादे घर मला माझ्या समोरच्या दिशेला आहे आणि तुम्हालाही तुमच्या समोरच्या दिशेला आहे. मग ते घर आपल्या दोघांच्या मध्ये, कुठल्या तरी फाट्यावर असले पाहिजे. आणि फाटा असेल तर रस्ता सरळ नाही. अतिदक्षता विभागातल्या एका संगणकाचा पत्ता मुख्य स्विचच्या तेविसाव्या पोर्टच्या दिशेला होता आणि प्रयोगशाळेच्या स्विचच्या मुख्य वाटेच्या दिशेलाही होता. म्हणजे या दोघांत थेट केबल असणे अशक्य. मध्ये फाटा होता.

तो फाटा आम्ही जिन्यात शिडी लावून शोधला. फॉल्स सीलिंगच्या वर, धुळीत, आठ पोर्टांचा एक मुका स्विच होता. वीज जिन्याच्या दिव्याच्या तारेवरून घेतलेली. नव्या इमारतीचे काम चालू असताना कोणीतरी तात्पुरता बसवला असावा.

झाडाची आठवण

अशा अदृश्य वाढीचे परिणाम मोठ्या संस्थांनीही भोगले आहेत. जाळ्यात दोन वाटा झाल्या, की माहिती गोल गोल फिरत राहण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना एक रीत शोधली, स्पॅनिंग ट्री. सगळे स्विच आपसांत ठरवून जादा वाटा बंद ठेवतात, म्हणजे जाळ्याचे झाड होते. वाङ्मयीन अंकाच्या वाचकांना हे आवडेल, की पर्लमनबाईंनी आपल्या शोधनिबंधासोबत जॉइस किल्मरच्या ‘ट्रीज’ या कवितेच्या धर्तीवर स्वतःची एक कविताही दिली होती.

२००२च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस मेडिकल सेंटर या नामांकित रुग्णालयाचे जाळे कोसळले. तुकड्यातुकड्याने वाढत गेलेले जाळे या झाडाच्या सात टप्प्यांच्या मर्यादेपलीकडे गेले होते. सुमारे चार दिवस तिथे कागद-पेन्सिलवर कारभार चालला. तिथले माहिती विभागप्रमुख जॉन हॅलम्का यांनी झाले ते लपवले नाही. इतरांना धडा मिळावा म्हणून ते जाहीरपणे सांगत राहिले. आमच्या जिल्ह्यातला पाऊण तास त्यापुढे काहीच नाही, पण मूळ तेच. जे जोडले गेले ते कोणी लिहून ठेवले नव्हते.

तुटक रेघ

या सगळ्यातून माझ्या हाती आलेली कामाची रीत थोडक्यात सांगतो. आधी मूळ उत्तरे, मग नकाशा. प्रत्येक पोर्टला जितकी नावे आणि क्रमांक आहेत तितके एका ओळीत लिहायचे, मॅक पत्ते एकाच पद्धतीने लिहून घ्यायचे आणि मगच तुलना करायची. क्रमांकांचा तक्ता प्रत्येक यंत्राकडून मागायचा, दोन्ही क्रमांक सारखेच असतील असे धरायचे नाही. दोन्ही बाजूंची साक्ष जुळली तरच जोडणी मानायची. एका पोर्टवर दोन शेजारी दिसले तर एकाला खोडायचे नाही, मध्ये एक अनोळखी यंत्र काढायचे. पत्त्यांच्या वह्या वाचण्याआधी सगळ्या यंत्रांना एकदा हाक मारून जागे करायचे. आणि शेवटी, माणसांचे जीव ज्यावर अवलंबून आहेत त्या वाटेवरून स्वतः, केबलला हात लावत चालायचे.

पण यातून मला पटलेली खरी गोष्ट निराळी आहे. त्या रुग्णालयातले एकही यंत्र खोटे बोलले नव्हते. मुख्य स्विचने दोन शेजारी ऐकले, दोन सांगितले. इतर दोघांनी एकाच पोर्टचे नाव आपापल्या पद्धतीने लिहिले. पत्त्यांची वही बरोबर होती. मुका स्विचही आपले काम इमानाने करत होता. चूक झाली ती विसंगती गिळून टाकून स्वच्छ चित्र काढण्यात. सुबक नकाशा हवा असतो म्हणून सॉफ्टवेअर शंका दाखवत नाही. शंका दिसत नाही म्हणून माणूस विचारत नाही.

म्हणून मी आता नकाशात तीन प्रकारच्या रेघा मारतो. दोन्ही बाजूंनी सांगितलेली आणि वहीशी जुळलेली जोडणी पूर्ण रेघेने. एकाच बाजूने सांगितलेली तुटक रेघेने. आणि कळत नाही तिथे मोकळे वर्तुळ, आत काहीच न लिहिलेले. प्रत्येक रेघेशेजारी ती कोणाच्या सांगण्यावरून मारली आणि कोणत्या तारखेला, हे बारीक अक्षरात असते. विश्वस्तांना असा नकाशा पहिल्यांदा दाखवला तेव्हा एका गृहस्थांनी नाराजीने विचारले, “एवढ्या तुटक रेघा? काम अपुरे आहे का?” मी म्हटले, “हो. आणि कुठे अपुरे आहे ते यात दिसते.”

वडिलांच्या कागदांत मला अर्धे राहिलेले काही कच्चे दस्त सापडले. त्यांतल्या एकात तीन दिशा शाईने लिहिलेल्या आहेत आणि चौथीपुढे पेन्सिलीने दोन शब्द आहेत : जाऊन पाहणे.

रुग्णालयात पुढे दोन खऱ्या केबल ओढल्या, दोन वेगळ्या जिन्यांतून. जिन्यातला मुका स्विच काढला. काम झाल्यावर सिस्टर स्वतः आल्या, एका केबलला हात लावून म्हणाल्या, “ही एक.” मग आम्ही दुसऱ्या जिन्याकडे गेलो.